दुसऱ्या पुस्तकापाशी अडलेला हात

प्रश्न : मी घणसोलीला राहते आणि ठाण्यात एका कंपनीत अकाउंट्सचं काम करते. तीन वर्षांपूर्वी माझा पहिला कथासंग्रह आला. चांगली पत्रं आली, एक छोटा पुरस्कारही मिळाला. त्यानंतर एकही कथा पूर्ण झालेली नाही. सध्या सासरच्या गावाची जमीन नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको या सरकारी महामंडळाने घेतली त्यावर लिहितेय. सासरे सांगतात, नोटीस घेऊन आलेल्या माणसाला आजेसासूबाईंनी ओटीवर बसवून आधी पाणी दिलं, उन्हातून आला होता म्हणून. कागद कसला ते नंतर कळलं. पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून घरात भाऊबंदकी झाली, चुलत सासऱ्यांनी परस्पर सही केली असं म्हणतात. एवढं सगळं हाताशी असून रोज रात्री पहिला परिच्छेद लिहिते आणि पुसते. तो सोबत पाठवतेय. आमच्या वाचनगटात एकांनी ‘पहिल्या पुस्तकाची सर नाही’ म्हटल्यापासून फाइल उघडायचीही भीती वाटते. पहिलं पुस्तक चुकून जमलं असेल का? एका दिवाळी अंकाला कथा कबूल केली आहे, गणपतीच्या आत द्यायची आहे. वर्षभर बिनपगारी रजा घेऊन फक्त लिहावं, की लिहिणंच थांबवावं?

उत्तर :

तुमचा परिच्छेद वाचून झाल्यावर मी तुमचं पत्र पुन्हा वाचायला घेतलं, आणि बराच वेळ दोन्ही कागद शेजारी ठेवून बसले. परिच्छेद सुरू होतो तो असा : ‘नोटीस आली त्या दिवशी खाडीवरचा वारा जणू काळाच्या पावलांनी गावात शिरला होता आणि आबांच्या डोळ्यांत पिढ्यान्‌पिढ्यांचा अंधार दाटून आला होता.’ पत्रात मात्र तुम्ही सहज लिहून गेला आहात, की नोटीस घेऊन आलेल्या माणसाला आधी पाणी दिलं, उन्हातून आला होता म्हणून.

दोन्ही वाक्यं एकाच बाईच्या हातची आहेत. पहिल्यात वारा आहे, काळ आहे, पिढ्या आहेत, अंधार आहे. माणसाचे फक्त डोळे आहेत, तेही अंधार ठेवायला जागा हवी म्हणून. दुसऱ्यात ऊन आहे, ओटी आहे, आणि तुम्ही लिहिलेला नसूनही मला तांब्या दिसला. आपलं शेत घेणारा कागद ज्याच्या पिशवीत आहे त्याची तहान आधी बघणारी बाई दिसली. ती दुःखी होती की नव्हती याबद्दल तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही, तरी वाचताना घशाशी आलं. हे वाक्य ज्या हाताने लिहिलं तो हात संपलेला नाही. पत्र लिहिताना तुम्हाला मला काही सांगायचं होतं. परिच्छेद लिहिताना मात्र आपण लेखिका आहोत हे कुणाला तरी पटवून द्यायचं होतं, आणि त्या ओझ्याखाली वाक्य जड झालं.

गेली कितीतरी वर्षं मी कथा तपासते, दिवाळी अंकांसाठी निवडते, नौपाड्यात कथालेखनाचे वर्ग घेते. ‘काही सुचत नाही’ असं सांगत येणाऱ्यांपैकी ज्यांना खरोखर काही सुचत नाही असे लोक फार थोडे. बहुतेकांना सुचत असतं, पण कागदावर उतरायच्या आत ते नापास होतं. तुमचंही तसंच आहे. म्हणून ‘मला प्रतिभा आहे का’ हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. टेबलाशी बसून त्याचं उत्तर आजवर कुणालाही मिळालेलं नाही. त्यापेक्षा कथा नेमकी कुठल्या ओळीपाशी थांबते ते बघू.

त्याआधी ‘चुकून जमलं असेल का’ याचं उत्तर देते, कारण ते मनात राहिलं तर पुढचं काही ऐकू येणार नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1978 साली दीडशेहून अधिक यशस्वी स्त्रियांच्या अनुभवांवरून एक गोष्ट नोंदवली. पदव्या, मानमरातब, चांगली कामगिरी असं सगळं असूनही या स्त्रियांना आतून वाटत होतं, की आपण लोकांना फसवलंय आणि एक दिवस उघडे पडू. यश आलं की त्या ते नशिबाच्या नाहीतर दुसऱ्याच्या चुकीच्या खात्यावर टाकायच्या. तुम्ही हिशेबाच्या क्षेत्रातल्या, तेव्हा हे लगेच कळेल : जमा झालेलं सगळं ‘नशीब’ या खात्यात आणि खर्ची पडलेलं सगळं ‘मी’ या खात्यात, अशी खतावणी ऑडिटला चालेल का? संग्रहातली प्रत्येक कथा चुकून जमत नसते.

आणि आणखी एक. पहिल्या पुस्तकानंतर तुम्ही जास्त वाचलंत, वाचनगटात बसलात, चांगलं-वाईट ओळखायला शिकलात. नजर पुढे गेली, हात अजून जिथे होता तिथेच आहे. मधलं अंतर रोज रात्री दिसतं, आणि ते आपलं नाकर्तेपण वाटतं. पहिल्या पुस्तकाच्या वेळी हे दिसत नव्हतं, म्हणून तेव्हा निर्धास्त लिहिता आलं. शंका यायला लागली हे तुमची जाण वाढल्याचं लक्षण आहे. ही शंका घालवायची नाही, पुढे पुनर्लेखनाला तिचा फार उपयोग होणार आहे. फक्त तिला वेळेआधी बोलवायचं नाही. तांदूळ वैरल्याबरोबर शीत दाबून बघायचं आणि ‘बिघडला’ म्हणून पातेलं मोरीत ओतायचं, असं तुम्ही रोज रात्री करताय.

शीत दाबायची ही घाई येते कुठून? बऱ्याचदा नियमांमधून. माइक रोझ नावाच्या अभ्यासकाने 1980 साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या दहा विद्यार्थ्यांचा बारकाईने अभ्यास मांडला. त्यातले पाच अडलेले होते, पाच सहज लिहिणारे. अडलेल्यांकडे हुशारी कमी नव्हती. पण त्यांच्या डोक्यात लेखनाचे नियम दगडावरच्या रेषेसारखे बसले होते. कुणाला वाटे, पहिला परिच्छेद पक्का झाल्याशिवाय पुढे जायचंच नाही. सहज लिहिणाऱ्यांकडेही नियम होते, पण अडचण आली की ते बाजूला सारायची त्यांची तयारी होती. आपल्याकडच्या कार्यशाळांतही असे नियम वाटले जातात, मीही वाटले आहेत : पहिल्या वाक्यातच वाचकाला धरा, सांगू नका तर दाखवा, विशेषणं गाळा. हे सगळे नियम दुसऱ्या खर्ड्यासाठी आहेत. पहिल्या खर्ड्यावर ते लावले की माणूस पहिल्या वाक्यातून बाहेरच पडत नाही. तुमच्या वाक्यात ‘जणू’ आला तोही वाचकाला पहिल्याच ओळीत धरायच्या धडपडीतून आलाय, असं मला वाटतं.

आता कथेकडे. तुम्ही परिच्छेदाखाली पुढचा आराखडा लिहिलाय : नोटीस, गावातली बैठक, आंदोलन, साडेबारा टक्के, टॉवर, शेवटी म्हातारे आबा बाल्कनीतून खाडी बघतात. यात सही कुठे आहे? पत्रात ती एका वाक्यात आली आणि आराखड्यातून गायब झाली. कथा तिथेच अडली आहे असं मला अगदी ठामपणे वाटतं. चुलत सासऱ्यांनी परस्पर सही केली, हे कागदावर आलं तर घरात काय होईल, या भीतीने हात पहिल्याच ओळीत थबकतो. पुढे काय येणार हे हाताला ठाऊक आहे.

भीती खोटी नाही. नवी मुंबईतल्या गावांत या प्लॉटांवरून सख्खे भाऊ एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जवळून पाहिलंय. तरीही पहिला खर्डा सहीसकट लिहा. नावं खरी ठेवा, कारण बदललेल्या नावांनी सुरुवातीला माणसं दूर जातात. हा खर्डा कुणीही वाचणार नाही, नवऱ्यानेही नाही. छापायचं की नाही हा वेगळा निर्णय आहे आणि तो खर्डा पुरा झाल्यावर घ्यायचा. तेव्हा गाव बदला, नातं बदला, काकाचा मामा करा, प्लॉटाऐवजी दुसरं काही आणा. कोण ते ओळखू येऊ नये, पण दुखलं कुठे ते बदलू नये. आणि लिहिता लिहिता चुलत सासऱ्यांनी सही का केली असेल, या प्रश्नाशी तुम्हाला बसावं लागेल. मुलीचं लग्न होतं? आजारपण होतं? की साधी हाव? तुम्हाला त्यांची बाजू दिसायला लागली की ती चुगली राहणार नाही, कथा होईल.

अडण्याचं दुसरं कारण साधं आहे : तुम्हाला पुरेशी माहिती नाही. हा दोष नाही, काम बाकी आहे एवढंच. सिडको 17 मार्च 1970 ला स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातल्या 95 गावांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहिली. जानेवारी 1984 मध्ये उरण भागात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच जण गेले, आणि त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हे तुम्हाला पाठ आहे आणि आराखड्यात ते सगळं आहे. पण हा इतिहास झाला. कथेला लागतं ते यात नाही. नोटीस आली तेव्हा शेतात काय उभं होतं? त्या खाचराला घरात काय नावाने हाक मारायचे? खाडीच्या बाजूच्या बांधाला खांड पडली की रात्री-अपरात्री कोण कोण धावायचं, आणि नोटीस आल्यावरच्या पावसात कुणी धावलं का, की आता आपलं नाहीच म्हणून बसून राहिले?

आणि मला सगळ्यात जास्त छळतोय तो प्रश्न : तो कागद वाचून कुणी दाखवला? आजेसासूबाईंना वाचता येत होतं का? तुमचे सासरे तेव्हा शाळकरी असणार. घरात अक्षर ओळखणारा तो मुलगाच असेल, तर आपली जमीन गेल्याचा कागद आईबापांना त्याने मोठ्याने, शाळेत धडा वाचतात तसा वाचून दाखवला असेल. असं झालं होतं की नाही मला माहीत नाही. तुम्हीही विचारलेलं नाही. विचारा. रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर, रेकॉर्डर न लावता. त्यांच्या आगरीत ते जे शब्द वापरतील ते लगेच नंतर वहीत उतरवा, प्रमाण मराठीत आणू नका. तुमचे ‘आबा’ सध्या पुस्तकातलं मराठी बोलतात. त्यांना त्यांची बोली परत मिळाली की निम्मी कथा तेच सांगतील.

आता बसायचं कसं ते. फाइल काही दिवस उघडू नका. फुलस्केप वही घ्या आणि पेनाने लिहा. पडद्यावर पुसलेलं कायमचं जातं, आणि रोज पुसून पुसून आपण काहीच लिहिलं नाही असं तुम्हाला वाटायला लागलंय. वहीत नकोसं वाक्य एका रेघेने खोडा, खालचं वाचता आलं पाहिजे. रात्री अकरानंतर थकलेल्या डोक्याने बसू नका, त्या वेळी फक्त परीक्षक जागा असतो. सकाळी डब्याच्या गडबडीआधी पंचवीस मिनिटं मिळाली तर उत्तम. नाहीतर ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत, पण रोज एकाच वेळी. सुरुवात नोटिशीपासून करू नका, पाण्याच्या तांब्यापासून करा, किंवा सरळ सहीपासून. परिच्छेद क्रमाने यायला हवेत असं कुठेही लिहिलेलं नाही. वेळ संपली की थांबा, आणि शक्यतो पुढचं वाक्य माहीत असतानाच थांबा. ते समासात पेन्सिलीने दोन शब्दांत टिपून ठेवा, म्हणजे दुसऱ्या दिवशी कोऱ्या जागेपासून सुरुवात होत नाही.

गाडीत लिहायचा अट्टहास नको. घणसोली ते ठाणे ट्रान्स-हार्बरला उभ्याने जाताना पेन चालत नाही आणि त्याचीही टोचणी लागते. त्याऐवजी एक प्रश्न घेऊन गाडीत चढा. उदाहरणार्थ, पाणी पिऊन झाल्यावर तो माणूस काय म्हणाला? ठाण्याला उतरेपर्यंत एवढाच विचार.

सुचेल तेव्हाच लिहावं, जबरदस्तीने लिहिलेलं कृत्रिम होतं, असं तुमच्या मनात येईल. रॉबर्ट बॉइस या मानसशास्त्रज्ञाने लेखन अडलेल्या प्राध्यापकांवर 1983 साली नेमका हाच प्रयोग केला. एका गटाला काही झालं तरी ठरल्या वेळी लिहायला बसवलं, दुसऱ्याला मनात येईल तेव्हा लिहायला सांगितलं. ठरवून बसणाऱ्यांची पानं जास्त झाली, हे अपेक्षितच होतं. पण नव्या कल्पनाही त्यांनाच जास्त सुचल्या. माझ्या वर्गातही वर्षानुवर्षं हेच दिसतं. हात आधी हलतो, सुचणं मागून येतं.

वाचनगटाबद्दल. त्या गृहस्थांनी काय वाचून ‘सर नाही’ म्हटलं? अर्धवट खर्डा वाचून. अर्धवट खर्डा दहाजणांपुढे वाचणं आधी बंद करा. तो एकाच माणसाला दाखवायचा, तोही पुरा झाल्यावर, आणि चांगलं-वाईट न विचारता दोनच गोष्टी विचारायच्या : कुठे कंटाळा आला, कुठे कळलं नाही. गटात जात राहा, दुसऱ्यांचं ऐका, त्यात काही बिघडत नाही.

तुलनेवर एक उपाय मला फार मोलाचा वाटतो. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं आहे. एखाद्या शनिवारी तिथे जाऊन जुने दिवाळी अंक मागा. आपल्याकडे ही परंपरा 1909 च्या ‘मनोरंजन’पासूनची, म्हणजे साठा प्रचंड. ज्या लेखकांच्या नावाने तुमचा हात थरथरतो त्यांच्या, पुढे कुठल्याही संग्रहात न घेतलेल्या कथा त्या अंकांतून वाचा. फसलेल्या, घाईच्या, शेवट ओढूनताणून आणलेल्या कथा सापडतील. त्यांचा मान कमी करायला हे सांगत नाही. त्यांनी त्याही लिहिल्या, छापू दिल्या, आणि पुढची लिहायला बसले. आपण मात्र त्यांच्या निवडक कथांशेजारी आपला पहिला परिच्छेद ठेवतो.

तीन वर्षं कोरी गेली म्हणून घाबरू नका. अरुण कोलटकरांचा पहिला मराठी कवितासंग्रह 1977 चा, आणि पुढचे मराठी संग्रह आले ते जवळजवळ पंचवीस वर्षांनी. मधल्या काळात ते लिहीत होते, पुस्तक काढत नव्हते.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे विचारते. फक्त लिहिणं अडलंय, की बाकीचंही? झोप उडाली आहे, जेवणावरची वासना गेली आहे, पूर्वी आवडायचं त्यातलं काहीच नकोसं झालंय, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, असं असेल तर वह्या-पेनांचे उपाय पुरे पडणार नाहीत. डॉक्टरांना भेटा. सरकारची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे, आणि ठाण्यात आयपीएचसारखी संस्था 1990 पासून मनाच्या आरोग्यासाठी काम करते आहे. नैराश्य असलं तर त्यावर उपचार आहेत, आणि ते सोसल्याने लेखन खोल होतं हा गैरसमज मला मनापासून चीड आणतो. चांगले लिहिणारे त्यापायी गप्प झालेले मी पाहिले आहेत.

रजेबद्दल माझं मत स्पष्ट आहे : घेऊ नका. रिकामं वर्ष समोर आलं की प्रत्येक कोऱ्या दिवसाचं ओझं त्या एका कथेवर पडेल, आणि पगार थांबला की घरातल्या प्रत्येक नजरेत तुम्हाला प्रश्न दिसेल. मराठीत बहुतेकांनी नोकऱ्या सांभाळूनच लिहिलं. मर्ढेकर आकाशवाणीत होते, कोलटकर जाहिरात क्षेत्रात, नारायण सुर्वे आधी शाळेत शिपाई आणि मग शिक्षक. तुम्हाला वर्ष नको आहे, रोजची पंचवीस मिनिटं हवी आहेत, आणि सासऱ्यांबरोबर गावात हिंडायला दोन-चार दिवस. तेवढी रजा जरूर घ्या. जिथे खाचर होतं तिथे आज काय उभं आहे ते त्यांच्याबरोबर चालत जाऊन बघा.

लिहिणं थांबवावं का, याचा निर्णय ही कथा पुरी केल्यावर घ्या. पुरी झाल्यावरही नकोसं वाटलं तर थांबा, कुणाचं काही देणं लागत नाही. पण आता, सहीच्या अलीकडे, थांबू नका.

दिवाळी अंकाच्या संपादकांना मात्र आजच फोन करा. विषय सांगा, शब्दमर्यादा विचारा, आणि कथा अजून खर्ड्यात आहे हेही सांगा. शेवटची तारीख कधी ती नेमकी विचारून घ्या, ‘गणपतीच्या आत’ यात बहुतेक वेळा थोडी सवड धरलेली असते. अमुक तारखेला जमणार की नाही ते नक्की कळवते, असा शब्द द्या आणि त्या दिवशी कळवा. नाही म्हणालात तर त्यांना दुसरी कथा बघायला वेळ मिळतो. ऑगस्टच्या अखेरीला लेखकाने फोनच उचलला नाही तर मात्र पंचाईत होते, कारण तोवर पानांची मांडणी सुरू झालेली असते.